टेबलावर उताणा टीव्ही

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक टीव्ही उताणा पडलेला असतो. तो आमचा नाही. दातांच्या डॉक्टरांनी तो आपल्या दवाखान्यातून काढून आणला. पेशंट बसतात त्या खोलीत तो भिंतीवर होता; आता तिथं नुसते खिळे आहेत आणि दाढ धरून बसलेली माणसं त्या खिळ्यांकडे बघत असतात. टीव्हीवर जाड काच ठेवलेली आहे, काचेवर आमची प्यादी, काचेखाली काळोख. डॉक्टर लॅपटॉपवर बोट फिरवतात, की काळोख तेवढ्यापुरता पुसला जातो आणि खालचा नकाशा दिसतो. दर वेळी असं झालं की डॉक्टर आमच्या तोंडाकडे बघतात. कौतुक हवं असतं त्यांना. मी चहाचं विचारते.

हा खेळ बीडमध्ये फार लोकांना माहीत नाही, म्हणून सांगते. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दार उघडायचं की नाही, विहिरीत उतरायचं की परत फिरायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं हे फासे सांगतात. गोष्ट ज्या जागेत घडते तिचा नकाशा टेबलावर असतो, पण तो खेळणाऱ्यांनी आधी बघायचा नसतो. जिथवर चालत गेलात तिथवरच दिसला पाहिजे. म्हणजे नकाशा काढणं हे निम्मं काम, झाकणं हे उरलेलं. आणि झाकायचं काम माझ्या नवऱ्यानं ज्वारीकडे दिलं होतं.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. पुण्याला शिकत असताना होस्टेलच्या खोलीत कुणीतरी त्याला हा खेळ दाखवला. परत येताना त्यानं खेळ आणला आणि त्यातले ड्रॅगन तिकडंच ठेवले. त्याच्या गोष्टींत गढ्या होत्या, बारवा होत्या, ओस पडलेले घाट होते, निजामाच्या वेळच्या चौक्या होत्या. नकाशे तो ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काढायचा, शाळेतल्या नकाशांसारखे, पाण्याला निळी शाई आणि चढाला बारीक रेघा लावून. सुरुवातीला त्यावर वर्तमानपत्राचे कपटे ठेवायचा. पण बीडच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कुणी खेळू शकत नाही, आणि पंखा लावला की आख्खी गढी उघडी पडायची. मग एक दिवस तो स्वयंपाकघरात आला, डब्यातली ज्वारी परातीत ओतून घेऊन गेला आणि नकाशावर पसरली. ज्वारी उडत नाही. पोस्टकार्डाच्या कडेनं हवी तेवढी बाजूला सारता येते. मी त्या ज्वारीचा डबा पुढं वेगळाच ठेवला, कारण एकदा भाकरीत निळी शाई उतरली होती.

दाणे कधीकधी घरंगळायचे आणि जे दिसू नये ते दिसायचं. त्यासाठी नियम होता. तो म्हणायचा, "पंखा." की सगळ्यांनी मान वर करून पंख्याकडे बघायचं, तो पुन्हा झाकेपर्यंत. चांगली शिकलेली, मुलाबाळांची माणसं टेबलाभोवती बसून पंख्याकडे बघतायत, हे आमच्या शेजारणीनं एकदा खिडकीतून पाहिलं. नंतर बरेच दिवस तिनं मला काही विचारलं नाही. तेच बरं झालं.

आम्ही पाचजण होतो. गोष्ट सांगणारा तो. मी, कॉलेजात ग्रंथपाल, गोष्टीत काफिल्याबरोबर चालणारी दुभाषी. दातांचे डॉक्टर, गोष्टीत शिपाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान चालवणारे एकजण, त्यांना आम्ही मेडिकलवालेच म्हणतो. ते गोष्टीत चोर. आणि आष्टीजवळच्या कडा गावाहून गाडी काढून येणारे साखर कारखान्यातले केमिस्ट, ते पाणाड्या, जमिनीखालचं पाणी सांगणारे. पुरुष नवऱ्याला सर म्हणायचे, मला वहिनी. मी घरात त्याला अरेतुरे करायचे आणि टेबलापाशी सर म्हणायचे. ते त्याला आवडायचं.

ज्वारी हटवायची तर विचारावं लागायचं, ही त्यातली गोष्ट डॉक्टरांना कधी कळली नाही.

"सर, जरा सारा की जवारी," मेडिकलवाले म्हणायचे.

"तू विचार."

"काय इचारू?"

"दारात उभा आहेस. हातात कंदील आहे. कुणीकडं धरतोस?"

"खाली धरतो. पायाखाली साप असला म्हणजे?"

मग तो पायाखालचीच ज्वारी सारायचा, दोन बोटं जागा. समोर काय आहे ते तसंच झाकलेलं. मेडिकलवाले चरफडायचे. पण पुढच्या वेळी कंदील कुणीकडं धरायचा याचा विचार करूनच बोलायचे.

शेवटची गोष्ट त्यानं फार मोठी रचली होती. एका गावच्या बारवेचं पाणी एका रात्रीत नाहीसं होतं. ते कुठं गेलं हे बघायला आम्ही बारवेच्या तळाशी उतरतो, तिथं एक नहर सापडते, जमिनीखालून गेलेली, आणि त्या नहरीनं आम्ही चालायला लागतो. नकाशाचा निम्मा भाग उघडला होता. मग तो गेला. शाळेतून आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर संपलं होतं. हृदय, असं नंतर सांगितलं.

तो गेल्यावर मी घरातलं त्याचं सगळं वाचून काढलं. मला दुसरं काही करता येत नाही. पुस्तकांच्या कडेला केलेल्या खुणा वाचल्या, उत्तरपत्रिकांवरचे शेरे वाचले, वाण्याच्या यादीमागं काढलेल्या नद्या बघितल्या. हावरटासारखं वाचलं आणि मग कळलं की संपलं. एकच गोष्ट उरली होती: कपाटामागच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेल्या त्या नकाशाचा न पाहिलेला निम्मा भाग. नियम होता म्हणून तो असतानाही मी तिकडं बघितलं नव्हतं. तेवढ्या कागदावर तो मला अजून काहीतरी पहिल्यांदा सांगणार होता. ते मला हवं होतं, पण एकदम नको होतं. थोडं थोडं, चालत गेले तेवढंच हवं होतं. आणि कुणीतरी गोष्ट सांगणारा असल्याशिवाय ते होणार नव्हतं, कारण ज्वारी सारणाऱ्याला नकाशा बघावाच लागतो.

काही महिन्यांनी तिघं आले. चहा झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वहिनी, सरांचा खेळ अर्धवट राहिला. मी पुढं चालवतो. माझा शिपाई कुठंतरी मारून टाकू."

"मारता कावून?" मेडिकलवाले म्हणाले. "बदली झाली म्हणा त्याची. आष्टीला."

केमिस्ट हसले आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. मीही हसले असते, पण तोवर डॉक्टर सॉफ्टवेअरवर आले होते. नकाशाचा फोटो काढायचा, लॅपटॉपमध्ये टाकायचा, टीव्ही टेबलावर निजवायचा. "ज्वारी नको, पसारा नको. बोट फिरवलं की उघडतं."

"ज्वारीनं काय बिघडलं होतं?"

"कागद घासला जातोय, वहिनी. सरांच्या हातचा आहे. आणि ज्वारीला कीड लागते."

कागदाचं खरं होतं. बारवेच्या पायऱ्यांवरची शाई पुसट झाली होती. मी अट घातली. नकाशा डॉक्टरांखेरीज कुणी बघायचा नाही, आणि आम्ही चालू तेवढाच उघडायचा. डॉक्टरांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी नळकांडं काढून दिलं, उघडलं नाही.

सरावासाठी म्हणून पहिल्या रविवारी त्यांनी इंटरनेटवरून एक तयार नकाशा उतरवून आणला. बोट फिरवलं, काळोख गेला आणि एक खानावळ दिसली. शेकोटी जळत होती, लाकडी पिंपं ठेवली होती, खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. आमच्या घरात कूलर चालू होता.

"डॉक्टर, हे कुठलं गाव?" मेडिकलवाल्यांनी विचारलं.

"काल्पनिक आहे."

"काल्पनिक असू द्या की. पर तालुका कोणता?"

"खेळा बे तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

शेकोटीच्या ज्वाळा हलायच्या. डॉक्टरांना त्या फार आवडायच्या. पुढच्या रविवारपासून टीव्हीवर सरांचा नकाशा आला. ज्याच्या हातात कंदील त्याच्याभोवती पिवळा गोल पडायचा आणि तोही हलायचा, वारा नसताना. कुणी काही विचारायची गरजच नव्हती. प्यादं पुढं सरकवलं की गोल पुढं सरकायचा आणि त्यात जे असेल ते दिसायचं. खांब, पेटी, सांगाडा, सगळं एकाच उजेडात. कंदील खाली धरला की वर, हा प्रश्नच मिटला होता. बोलणं आपोआप कमी झालं. पूर्वी आम्ही एका दारापाशी अर्धा तास वाद घालायचो. आता तिघं माना घालून काचेकडे बघत बसायचो, फोन बघत बसल्यासारखं. डॉक्टर याला सोय म्हणतात.

त्या सोयीचेही नखरे होते. उजेड भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून डॉक्टरांना आधी नकाशातल्या प्रत्येक भिंतीवरून रेघ ओढून ठेवावी लागायची. रेघ कुठं जुळली नाही की तेवढ्या फटीतून उजेड शेजारच्या खोलीत शिरायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढांतल्या फटी बुजवणाऱ्या माणसानं इतक्या फटी सोडाव्यात, याचं मला आश्चर्य वाटायचं. उजेड शिरला की आम्ही तिघं न सांगता वर पंख्याकडे बघायचो. डॉक्टर घाईघाईनं रेघ जोडायचे आणि म्हणायचे, "अपडेट आला की हे नीट होईल."

एकदा तर आम्ही नहरीत श्वास रोखून उभे होतो. पाणाड्या भिंतीला कान लावून ऐकत होता. तेवढ्यात त्या काळोखाच्या मधोमध पांढरी चौकट उगवली: "डॉक्टर साहेब दाढ लई ठणकायली. येऊ का."

"आवाज आला," केमिस्ट गंभीरपणे म्हणाले. "नहरीत कुणीतरी आजारी हाय."

डॉक्टरांनी फोनवर त्या माणसाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. तोवर माझा चहा निवला.

तरीही मी दर रविवारी बसत होते. कारण त्या हलत्या पिवळ्या गोलात अधूनमधून त्याचं काहीतरी दिसायचं. नहरीच्या कोनाड्यात त्यानं एक चूल काढली होती, नहर खोदणाऱ्यांची, आणि चुलीशेजारी पालथा घातलेला तवा. एका ठिकाणी भिंतीवर पाण्याच्या जुन्या पातळीची रेघ होती, डोक्याच्याही वर. अशी एखादी गोष्ट मिळाली की मला आठवडा पुरायचा. टीव्हीवर ती दिसावी याचा राग यायचा, पण रागासकट मी ती घरात ठेवायचे.

मग एका रविवारी लाइट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात; टीव्ही ज्या प्लगला लावला होता तो त्यावर नाही. काच काळी झाली. मी चहा ठेवायला आत गेले. पाणी उकळायच्या आधीच लाइट आल्याचं कळलं, कारण फ्रिज खडखडला. आणि बाहेरून मेडिकलवाल्यांचा आवाज आला, दबका पण पुरेसा मोठा.

"अबे हे सगळंच दिसायलंय की. झाक. झाक बे."

"थांब, माझ्याकडची खिडकी आलीय त्याच्यावर. बंद होईना." हे डॉक्टर.

"कशानं बी झाक. वहिनी येतील."

मला समजायला वेळ लागला नाही. टीव्ही आपोआप पुन्हा चालू झाला होता आणि त्यानं आमच्यासाठीचा काळोख न दाखवता डॉक्टरांच्या लॅपटॉपवरचा, सगळा उघडा नकाशा दाखवला होता. बारवेपासून शेवटपर्यंत. माझ्या टेबलावर, मी पुरवून पुरवून खात होते ते सगळं, एका हिसक्यात. दोन पावलं टाकली असती तर मलाही दिसलं असतं. मी गॅस बारीक केला आणि तिथंच उभी राहिले. त्या वेळी मला वाटलं ते असं की तिघांना टीव्हीसकट घराबाहेर काढावं. डॉक्टरांच्या शपथा, बोट फिरवणं, अपडेट, सगळं जिन्यावरून खाली. परातीतली ज्वारी कितीही घरंगळली तरी आख्खा नकाशा कधी उघडा पडला नव्हता.

चहा घेऊन बाहेर आले. टीव्हीवर दिवाणाची चादर पसरलेली होती. प्यादी, फासे, डॉक्टरांचा चष्मा, सगळं चादरीखाली. तिघं माना वर करून पंख्याकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"टीव्ही गरम झालता, वहिनी," मेडिकलवाले पंख्याला म्हणाले.

गरम झालेली वस्तू चादरीनं झाकतात हे मला नवीन होतं. मी कप ठेवले. डॉक्टर चादरीखाली हात घालून काहीतरी दाबत राहिले, बाळाची लंगोटी बदलावी तसे. मग चादर काढली. खाली पुन्हा काळोख होता, आणि काळोखात आमचा पिवळा गोल.

खेळ सुरू झाला. इतका वाईट अभिनय मी गणपतीच्या नाटकातही पाहिलेला नाही. मेडिकलवाले, ज्यांनी इतकी वर्षं दिसेल त्या बिळात हात घातला, ते एका पेटीपाशी आले आणि म्हणाले, "असू दे. दुसऱ्याची वस्तू हाय." चोर असूनसुद्धा. डॉक्टर प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायला लागले. आणि मग मेडिकलवाले म्हणाले, "वहिनी, तुमीच सांगा आता कुणीकडं जायचं." इतक्या वर्षांत हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. दुभाषी मागून चालते.

मी माझं प्यादं पुढच्या फरशीकडे सरकवायला हात पुढं केला.

"थांबा वहिनी," केमिस्ट म्हणाले. "मी पुढं होतो. पाण्याचा वास येतोय मला तिथं."

"फरशीवर?"

"फरशीखाली."

त्यांनी आपला पाणाड्या माझ्या पुढं नेऊन ठेवला. डॉक्टरांनी फासे टाकायला सांगितले. फरशी खचली, पाणाड्या खाली पडला, पाय मोडला. केमिस्टांच्या चेहऱ्यावर आश्चर्य येऊन बसलं, चुकीच्या वेळी, फासे थांबायच्या आधी.

"अरेरे," मेडिकलवाले म्हणाले. "कुणाला वाटलं होतं."

मी सरळ त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

तिघांना आता पुढचं सगळं ठाऊक होतं. पाणी कुठं गेलं, हेही. त्यांच्यासाठी गोष्ट संपली होती. उठून घरी गेले असते तरी चाललं असतं. केमिस्टांना तर कड्यापर्यंत जायचं होतं. पण ते बसले होते आणि जिवाचा आटापिटा करून खोटं बोलत होते, इतकं वाईट की दया यावी. माझ्या एकटीपुरता तो नकाशा झाकलेला राहावा म्हणून. पोस्टकार्ड, ज्वारी, टीव्ही, सॉफ्टवेअर यांतलं काहीच आता त्यांच्या कामाचं नव्हतं. मला त्यांना सांगता आलं असतं की मी ऐकलंय. सांगितलं नाही.

पुढं नहर दोन बाजूंना फुटत होती. डावी वाट रुंद, पाण्याच्या खुणांची. उजवीकडे एक बोळ, माणूस आडवा होऊन जाईल इतका. तिघंही डावीकडे अजिबात बघत नव्हते. इतके बघत नव्हते की गोष्टीचा शेवट तिकडं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"उजवीकडे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "उजवीकडे बोळ आहे, वहिनी. अरुंद."

"दिसतोय. उजवीकडेच."

मेडिकलवाल्यांनी केमिस्टांकडे बघितलं. केमिस्ट म्हणाले, "माझा पाय मोडलाय. पर चला. उजवीकडं लई दिवसांत गेलो न्हाई."

आम्ही बोळात शिरलो. डॉक्टर बोट सावकाश फिरवत होते, एरवी कधी फिरवलं नाही इतकं सावकाश, आणि काळोख केसाकेसानं मागं सरत होता. एक वळण आलं. मग दुसरं. मग भिंत. त्यानं तिथं दगड काढले होते, एकेक, कडा घोटून, काहींवर टाकीचे घाव. बोळ तिथं संपत होता. तिकडं काही नव्हतं, आणि ते या तिघांना बोळात शिरायच्या आधीपासून माहीत होतं.

"भिंत आहे," डॉक्टर म्हणाले. "काय करता?"

"कंदील जवळ धरते आणि दगड बघते."

"कोणता?"

"सगळे. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी लॅपटॉप जवळ ओढला, चष्मा पुसून घातला आणि पहिल्या दगडाबद्दल सांगायला लागले. मेडिकलवाल्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"हळू सांगा बे," ते म्हणाले.